जिवाणू विकत घेण्याआधी

नदी फेसाळली किंवा नाल्याचा वास असह्य झाला, की आपल्याकडे हल्ली एक ठरलेले उत्तर पुढे येते: जिवाणू सोडा. कल्चरची पिंपे येतात, बारीक नळीतून द्रावण नाल्यात ठिबकू लागते, उद्घाटनाचे छायाचित्र छापून येते आणि ‘नैसर्गिक’, ‘रसायनमुक्त’, ‘स्वस्त’ ही विशेषणे निविदेपासून पत्रकार परिषदेपर्यंत फिरत राहतात. घाण शेवटी सूक्ष्मजीवच निस्तरतात, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो त्या जागी नेमके काय कमी पडते आहे, याबद्दल. जिवाणूच नाहीत, की असलेल्या जिवाणूंना काम करता येईल अशी स्थिती नाही? सूक्ष्मजीव आणि त्यांचा परिसर यांचे नाते तपासणाऱ्या शास्त्राने या प्रश्नाचे उत्तर गेल्या पन्नास वर्षांत बऱ्यापैकी स्पष्टपणे दिले आहे, आणि ते आपल्या निविदांच्या नेमके उलट आहे. बहुतेक ठिकाणी जिवाणू असतातच. त्यांना प्राणवायू, पोषण आणि वेळ मिळत नाही. म्हणून सार्वजनिक पैसा पिंपांवर खर्च करण्याआधी, उणीव कशाची आहे हे मोजून दाखवण्याची सक्ती असायला हवी.

या विषयातल्या दोन वाटा १९७२ या एकाच वर्षी फुटलेल्या दिसतात. पश्चिम बंगालमधल्या सैंथिया गावी जन्मलेले आनंद मोहन चक्रवर्ती तेव्हा अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या संशोधन केंद्रात होते. स्युडोमोनास जातीच्या वेगवेगळ्या जिवाणूंमध्ये तेलातली वेगवेगळी संयुगे पचवण्याची क्षमता असते आणि तिची सूत्रे प्लाझ्मिड नावाच्या छोट्या जनुकीय वलयांत असतात. चक्रवर्तींनी अशी अनेक वलये एकाच जिवाणूत आणली आणि त्या जिवाणूसाठी १९७२ मध्ये पेटंटचा अर्ज केला. सजीवावर पेटंट मिळू शकते का, हा वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९८० मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी निकाल त्यांच्या बाजूने लागला. जैवतंत्रज्ञानाच्या उद्योगाची पायाभरणी ज्या निकालांनी झाली, त्यांत हा निकाल अग्रभागी आहे. पण ज्या कामासाठी तो जिवाणू घडवला, ते काम त्याला कधी मिळालेच नाही. उघड्या समुद्रातली तेलगळती साफ करायला तो सोडला गेला नाही. त्याच वर्षी न्यू जर्सीत रटगर्स विद्यापीठातले रोनाल्ड अ‍ॅटलस आणि रिचर्ड बार्था यांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. ताज्या समुद्राच्या पाण्यात त्यांनी कच्चे तेल मिसळले. अठरा दिवसांत जेमतेम ३ टक्के तेलाचे विघटन झाले. तशाच पाण्यात नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही घातल्यावर हे प्रमाण ७० टक्क्यांवर गेले. बाहेरून एकही जिवाणू आणावा लागला नाही. पाण्यात होते तेच कामाला लागले.

कारण समजायला अवघड नाही. तेल म्हणजे जवळपास निव्वळ कार्बन आणि हायड्रोजन. जिवाणूला ऊर्जा त्यातून मिळते, पण शरीर बांधायला, म्हणजे प्रथिने आणि जनुकद्रव्य तयार करायला, नायट्रोजन आणि फॉस्फरस लागतात आणि ते तेलात नसल्यात जमा असतात. समुद्राच्या पाण्यातही त्यांची टंचाईच. म्हणजे समोर ताट वाढलेले असूनही वाढ खुंटलेली. अ‍ॅटलस आणि बार्था यांनी पुढची अडचणही तेव्हाच ओळखली होती: साधे खत पाण्यात विरघळून लाटांबरोबर निघून जाते, तेलाजवळ थांबत नाही. म्हणून तेलालाच चिकटून राहील असे खत हवे, हा त्यांचा विचार होता. पेटंटचा खटला जगभर गाजला. खताची ही गोष्ट शास्त्रज्ञांच्या वर्तुळाबाहेर फारशी गेली नाही.

कोणती वाट खरी, याची परीक्षा १७ वर्षांनी अलास्काच्या किनाऱ्यावर झाली. २४ मार्च १९८९ रोजी एक्सॉन व्हाल्डेझ हा टँकर प्रिन्स विल्यम साउंडमधल्या खडकावर आदळला आणि सुमारे ४ कोटी लिटर कच्चे तेल समुद्रात गेले. गरम पाण्याच्या फवाऱ्यांनी गोटे धुण्यापासून सर्व उपाय चालू असताना अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने काळ्या पडलेल्या किनाऱ्याच्या काही पट्ट्यांवर खत टाकून पाहिले. त्यातले एक इनिपोल नावाचे, युरिया आणि ओलेइक आम्ल यांचे तेलाला चिकटणारे मिश्रण होते. दुसरे हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्यांचे. दोन-तीन आठवड्यांत खत टाकलेले चौकोन आजूबाजूच्या काळ्या गोट्यांमध्ये उजळ दिसू लागले. हेलिकॉप्टरमधूनही त्यांच्या कडा ओळखू येत होत्या. त्यानंतर शंभर किलोमीटरहून अधिक किनाऱ्यावर हा उपाय वापरला गेला.

पण शास्त्रज्ञ त्या उजळ चौकोनांवर भाळले नाहीत. गोटे स्वच्छ दिसतात याचा अर्थ तेल खाल्ले गेले असाच होतो असे नाही. खतातल्या साबणासारख्या घटकाने ते धुऊन समुद्रात लोटलेही असेल. मग हे ठरवायचे कसे? कच्च्या तेलात होपेन नावाचे एक संयुग असते. जिवाणू त्याच्या वाटेला सहसा जात नाहीत. तेल नुसते धुतले गेले तर होपेन आणि बाकीची संयुगे सारख्याच प्रमाणात कमी होतील. तेल पचवले गेले असेल तर बाकीची संयुगे घटतील आणि त्यांच्या तुलनेत होपेन जास्त दिसेल. या मोजपट्टीने तपासणी झाली आणि १९९४ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात खताने विघटनाचा वेग खरोखरच वाढल्याचे, आणि तो वेग तेलाच्या मानाने किती नायट्रोजन पोहोचला यावर अवलंबून असल्याचे दिसून आले. दरम्यान, बाजारात मिळणाऱ्या जिवाणूंनाही संधी दिली गेली होती. अनेक कंपन्यांच्या उत्पादनांतून प्रयोगशाळेत सरस ठरलेली दोन निवडून त्यांची अलास्काच्या किनाऱ्यावर चाचणी घेतली गेली. सुमारे चार आठवड्यांत त्यांचा वेगळा असा फायदा दिसला नाही. पुढे १९९४ च्या उन्हाळ्यात डेलावेअरच्या किनाऱ्यावर अल्बर्ट वेनोसा आणि सहकाऱ्यांनी मुद्दाम तेल ओतून तीन प्रकारचे पट्टे ठेवले: एका प्रकारात काहीच नाही, दुसऱ्यात फक्त पोषणद्रव्ये, तिसऱ्यात पोषणद्रव्ये आणि त्याच किनाऱ्यावरून घेऊन वाढवलेले जिवाणू. पोषणद्रव्यांनी थोडी मदत केली. जिवाणूंची भर घातल्याने काहीही फरक पडला नाही. आणि काहीच न केलेल्या पट्ट्यातही विघटन वेगाने झाले, कारण तिथल्या पाण्यात नायट्रेट आधीच पुरेसे होते. म्हणजे खतसुद्धा जिथे उणीव असेल तिथेच कामाचे.

विरजणाची सवय असलेल्या आपल्या मनाला हे पटायला जड जाते. चमचाभर दही घातले की पातेलेभर दूध विरजते, मग नाल्यात पिंपभर कल्चर का चालू नये? पण दूध आधी तापवलेले असते, म्हणजे त्यातले प्रतिस्पर्धी मेलेले असतात. ते कोमट असते, झाकलेले असते आणि रात्रभर जागचे हलत नाही. नाल्यात यातले काहीच नसते. तिथे प्रत्येक थेंबात आधीच लाखो जिवाणू आहेत, त्याच पाण्यात, त्याच विषारी सांडपाण्यात टिकून राहिलेले. कारखान्यातल्या टाकीत गोडधोड खाऊन वाढलेला पाहुणा त्यांच्यात उपराच ठरतो; त्याला एकपेशीय प्राणी खातात, स्थानिक जिवाणू उपाशी ठेवतात आणि उरलेल्याला प्रवाह वाहून नेतो. याउलट परिस्थिती बदलली की न बोलावताही नवे धनी पुढे येतात. बुलढाण्याच्या लोणार सरोवराचे पाणी जून २०२० मध्ये गुलाबी झाले तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्यामागे हॅलोआर्किया हे क्षारप्रेमी सूक्ष्मजीव असल्याचे दाखवले. ते कुणी आणून सोडले नव्हते. पाणी आटले, क्षारता वाढली आणि आधीपासून तिथे असलेल्यांचे दिवस आले. परिस्थिती पालटल्यावर रंगही गेला. एप्रिल २०१० मध्ये मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझनची विहीर फुटली तेव्हाही तेच घडले. समुद्रात हजार मीटरहून खोल, सुमारे ५ अंश सेल्सिअसच्या थंड अंधारात पसरलेल्या तेलाच्या ढगात टेरी हेझन आणि सहकाऱ्यांना तेल खाणारे स्थानिक जिवाणू भराभर वाढलेले आढळले. समुद्रतळातून नैसर्गिकरीत्या तेल झिरपणाऱ्या त्या आखातात त्यांना तेलाची ओळख नवी नव्हती.

आता आपल्या नाल्यांकडे येऊ. इथला मुख्य प्रश्न तेलाचा नाही, मैलापाण्याचा आहे, आणि त्याचे उत्तर तर शंभर वर्षांहून जुने आहे. १९१४ मध्ये मँचेस्टरला एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट यांनी बाटल्यांत मैलापाणी घेऊन त्यात हवा सोडली. पहिल्या खेपेला ते पूर्ण शुद्ध व्हायला सुमारे पाच आठवडे लागले. पण त्यांनी तळाशी बसलेला गाळ फेकला नाही. वरचे स्वच्छ पाणी ओतून त्याच गाळावर नवे मैलापाणी घातले, पुन्हा हवा सोडली आणि हा क्रम चालू ठेवला. गाळ साठत गेला तसे आठवड्यांचे काम तासांवर आले. जगभरातल्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्रांचा पाया हाच आहे. यात विकत आणलेला एकही जिवाणू नाही. दोनच गोष्टी आहेत: भरपूर हवा, आणि काम शिकलेल्या जिवाणूंना पाण्याबरोबर वाहून जाऊ न देणे. नाल्यात पिंप ठिबकवताना नेमक्या याच दोन गोष्टी सुटतात. काळ्या पाण्यात प्राणवायू नसतो, आणि सोडलेले जिवाणू काही तासांत नदीला मिळतात. म्हणून ठिबक कायम चालू ठेवावी लागते आणि बिलही.

इथे आकडे बोलके आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ मधल्या अहवालानुसार देशाच्या शहरी भागात रोज सुमारे ७२,३६८ दशलक्ष लिटर मैलापाणी तयार होते. शुद्धीकरणाची उभारलेली क्षमता ३१,८४१ दशलक्ष लिटर, आणि प्रत्यक्षात शुद्ध होते ते २०,२३६ दशलक्ष लिटर. पहिल्या दोन आकड्यांतली दरी सगळ्यांना ठाऊक आहे. तिच्यासाठी नवी केंद्रे, जमीन आणि पैसा लागणार. पण दुसऱ्या आणि तिसऱ्या आकड्यांतली दरी अधिक लाजिरवाणी आहे. टाक्या बांधून तयार आहेत आणि तरीही रोजची साडेअकरा हजार दशलक्ष लिटरहून जास्त क्षमता वाया जाते. कुठे मलवाहिन्या जोडलेल्या नाहीत, कुठे केंद्र बंद आहे, तर कुठे ते अर्धेच चालते. अशा केंद्रांत विजेचा सर्वांत मोठा खर्च हवा पुरवणाऱ्या ब्लोअरचा असतो आणि काटकसरीची कुऱ्हाडही पहिल्यांदा तिथेच पडते. जे जिवाणू फुकटात मिळतात त्यांची हवा तोडायची आणि मग नाल्यासाठी जिवाणू विकत घ्यायचे, याला धोरण कसे म्हणावे?

यावर पहिला आक्षेप असा की जिवाणूंची भर घालण्याचे यश आपल्याच देशात सिद्ध झालेले आहे. दिल्लीच्या टेरी संस्थेने विकसित केलेल्या ‘ऑइलझॅपर’ या जिवाणूंच्या मिश्रणाने तेलशुद्धीकरण कारखान्यांतला तेलकट गाळ निकाली काढला, हे खरेच आहे, आणि त्या कामाचे श्रेय द्यायलाच हवे. पण ते कसे केले जाते तेही पाहावे. गाळ आखून घेतलेल्या जागेत पसरतात, जिवाणूंबरोबर पोषणद्रव्ये घालतात, पाणी मारतात, हवा खेळावी म्हणून ट्रॅक्टरने वरखाली करतात आणि तेलाचे प्रमाण पुन:पुन्हा मोजतात. त्या गाळात तेल इतके दाट असते की बाहेरच्या जिवाणूंनी सुरुवातीला वेग येणे शक्य आहे. म्हणजे हे उदाहरण माझ्या म्हणण्याच्या विरोधात जात नाही: तिथे परिस्थिती ताब्यात आहे, माल जागच्या जागी आहे आणि मोजमाप आहे. वाहत्या नाल्यात यातले काहीही नसताना त्या यशाचा दाखला देणे गैरलागू आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. काही प्रदूषके अशी आहेत की ती पचवणारा जिवाणू प्रत्येक जागी सापडतोच असे नाही. धातूंवरचे तेलकट डाग काढायला आणि कपड्यांच्या ड्रायक्लीनिंगला वापरले जाणारे क्लोरिनयुक्त द्रावक भूजलात उतरले की त्यांच्यातला क्लोरीन टप्प्याटप्प्याने काढावा लागतो. हे काम शेवटपर्यंत नेणारे म्हणून डिहॅलोकॉकॉइडिस हे जिवाणू ओळखले जातात. ते नसले तर प्रक्रिया मध्येच अडते आणि व्हिनाइल क्लोराइडसारखे कर्करोगकारक संयुग साचू शकते. अमेरिकेत अशा जागी हे जिवाणू जमिनीत सोडून भूजल स्वच्छ केल्याची भक्कम उदाहरणे आहेत. हा अपवाद मी पूर्णपणे मान्य करतो. पण तो लागू कसा करतात? आधी विहिरींतल्या पाण्याची जनुकीय तपासणी करून हा जिवाणू खरोखरच नाही, असे सिद्ध करतात. मग त्याला लागणारे प्राणवायूविरहित वातावरण आणि खाद्य तयार करतात. आणि त्यानंतरच त्याला सोडतात. ज्याची उणीव आहे ते आधी शोधा, हा नियम इथेही तसाच राहतो. निष्कर्ष तेवढा बदलतो.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा. शुद्धीकरण केंद्रे उभी राहायला वर्षे लागतात, तोवर हातावर हात ठेवून बसायचे का? राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानेच २०१९ मध्ये मैलापाण्याच्या नाल्यांवर निदान जागच्या जागी उपचार करण्याची मुदत घालून दिली आणि ती न पाळल्यास प्रत्येक नाल्यामागे दरमहा ५ लाख रुपयांची भरपाई सुनावली. हेतू रास्तच होता. पण दंड टाळण्याचा सर्वांत सोपा मार्ग पिंपे मागवणे हा असेल, तर पालिका तोच निवडणार. कागदावर उपचार सुरू होतात आणि नदी होती तशीच राहते. तात्पुरते उपाय करायला माझा विरोध नाही. नाल्यात छोटे बांध घालून पाणी थांबवणे, ते खळाळेल अशा पायऱ्या करणे, हवा भरणारी यंत्रे बसवणे, दगडगोट्यांवर जिवाणूंचा थर धरू देणे, काठाला पाणवनस्पतींचे गाळण पट्टे करणे, हे सगळे जागच्या जागीच करायचे उपाय आहेत. नागपूरच्या नीरी संस्थेचे फायटोरिड तंत्र याच विचाराचे आहे. हे उपाय स्थानिक जिवाणूंना राहायला जागा, श्वास घ्यायला हवा आणि कामाला वेळ देतात. मात्र त्यांना गाळ काढणे, यंत्र दुरुस्त करणे, पावसाळ्याआधी बांध मोकळे करणे अशी रोजची निगा लागते, आणि निगेचे उद्घाटन करता येत नाही.

परिस्थिती सुधारणे हीदेखील जादूची कांडी नाही, हे मान्य करायला हवे. अमेरिकेत कोलोरॅडोतल्या रायफल इथे युरेनियमने दूषित भूजलात अ‍ॅसिटेट सोडून डेरेक लव्हली आणि सहकाऱ्यांनी तिथल्याच जिओबॅक्टर जिवाणूंची वाढ घडवली. विरघळलेले युरेनियम काही दिवसांतच घटले. पण पुढे सल्फेटवर जगणाऱ्या जिवाणूंनी जिओबॅक्टरची जागा बळकावली आणि युरेनियमचे प्रमाण पुन्हा वाढू लागले. अलास्कातही किनाऱ्याच्या पोटात, जिथे प्राणवायू पोहोचत नाही तिथे, तेल दोन दशकांनंतरही सापडत होते. शिसे, क्रोमियम, पारा ही तर मूलद्रव्ये. कोणताही जिवाणू ती नाहीशी करू शकत नाही, फार तर त्यांचे रूप बदलू शकतो. म्हणजे कारखान्याचे रासायनिक पाणी नाल्यात येत राहिले तर खत, हवा किंवा कल्चर यांतले काहीही पुरणार नाही. ते उगमापाशीच अडवावे लागेल. ‘निसर्ग बघून घेईल’ या आळसाला सूक्ष्मजीवशास्त्राचा आधार अजिबात मिळत नाही.

मग मागणी काय करायची? जिवाणूंवर आधारलेल्या प्रत्येक कंत्राटात तीन अटी हव्यात. एक, काम सुरू होण्याआधी त्या पाण्यातला प्राणवायू, जैविक प्राणवायू मागणी, अमोनिया, जड धातू आणि असलेल्या सूक्ष्मजीवांची जनुकीय तपासणी, आणि तिच्या आधारे नेमकी उणीव कोणती याचे लेखी उत्तर. दोन, त्याच नाल्याचा एक भाग उपचाराविना तुलनेसाठी राखून ठेवणे आणि वरच्या व खालच्या अंगाचे नमुने कंत्राटदाराशी संबंध नसलेल्या प्रयोगशाळेने घेणे. वास कमी झाला, पाणी निवळ दिसते, अशा शेऱ्यांना पुरावा मानू नये. अलास्काच्या शास्त्रज्ञांनी डोळ्यांना स्वच्छ दिसणाऱ्या गोट्यांवरही विश्वास ठेवला नव्हता. तीन, पैसे किती लिटर द्रावण ओतले यावर न देता किती प्रदूषण घटले यावर देणे आणि ते आकडे दर महिन्याला जाहीर करणे. या तपासण्या करू शकणारी माणसे आपल्याकडे आहेत: नागपूरची नीरी, पुण्याची आघारकर संस्था आणि राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र, गोव्यातली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था. नाशिकचा सिंहस्थ तोंडावर आहे आणि गोदावरीच्या नाल्यांसाठी घाईघाईचे उपाय सुचवणाऱ्यांची रांग लागणे स्वाभाविक आहे. या अटींची सुरुवात तिथून करता येईल. ज्या कंपनीचे कल्चर खरोखर काम करते, तिला या अटींची भीती वाटायचे कारण नाही. आणि जी या अटी ऐकून मागे हटेल, तिला दिले जाणारे पैसे बंद पडलेले ब्लोअर सुरू करायला वापरता येतील.